टाचेला ऐकू येणारा पावा

फार फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते मला विचारू नका, मीही ती ऐकलेलीच सांगतोय. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे बसून मध्ये मध्ये बोलू नका.

एका डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. त्या गावात नव्या घराची जमीन लाकडी धुम्मसाने ठोकत नसत. पायांनी चोपत. तळं आटत आलं की फाल्गुनात वर्षातून एकदाच त्याची चिकणमाती काढायची, ती नव्या घरात गुडघाभर पसरायची, आणि चाळीस-पन्नास माणसांनी एकमेकांचे दंड धरून त्यात नाचायचं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. दोन पावलं हलकी, तिसरं जड, टाच रोवून. सगळ्यांची टाच एकदम पडली तर माती सारखी दबते. मागेपुढे पडली तर इथे खड्डा, तिथे उंचवटा, आणि वाळली की भेगा. म्हणून कडेच्या ओट्यावर एकजण पावा वाजवत असे, आणि त्याच्या चालीवर गाव नाचत असे.

चाळीस वर्षं तो पावा हैबतीबाबा वाजवत आला होता. आता त्याला दम लागायचा. एक ओळ वाजवली की भिंतीला टेकायचा. गावाला नवा पावेवाला हवा होता, आणि शिकायला आली होती गोजरा.

आता ही गोजरा कशी, ते ऐका. ही बाई एका जागी बसलीय असं कुणी पाहिलेलंच नाही. भाकरी थापताना परातीवर बोटं वाजवायची. पाणी भरायला गेली की घागर भरेपर्यंत काठावर ताल धरायची. तिची भावजय म्हणायची, "वन्सं, तुम्ही झोपेत तरी गप्प असता का हो?" गोजरा म्हणायची, "झोप लागली तर सांगेन."

हसू नका, पुढचं ऐकायचंय. आदल्या उन्हाळ्यात आग लागून तिच्या भावाचं, मल्हारीचं घर जळलं होतं. मल्हारी, त्याची बायको ताना, त्यांची चार महिन्यांची लेक आणि गोजरा, असे चौघे शेजाऱ्याच्या गोठ्यात राहत होते. गोठ्याची जमीन कायम ओली. पोरीला खाली ठेवायची सोय नाही. सकाळपासून ती कुणाच्या तरी कडेवर नाहीतर झोळीत. तिचा खोकला हटत नव्हता. नव्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, छप्पर चढलं होतं, राहिली होती फक्त जमीन. म्हणून त्या फाल्गुनाकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

हैबतीबाबाची शिकवण्याची रीत संथ. त्या गावच्या पाव्यात जिभेने सूर तोडायचा नाही, ओळ संपेपर्यंत श्वास तोडायचा नाही, असा नियम. मग एकच सूर लागोपाठ दोनदा आला तर? तर मध्ये वरचं एक बोट पापणी लवावी तेवढंच उचलायचं. दोन सूर वेगळे होतात. याला ते टिचकी म्हणत. बोटाने भोकावर हलकेच मारलं की थाप. आणि सुराच्या वर जाऊन, खाली उतरून परत सुरावर यायचं, तो वळसा. झालं. तीनच दागिने. पण बाबा ते शिकवीचना.

"आधी उघडी चाल वाजव, एकही दागिना न घालता," तो म्हणायचा.

"उघडी चाल मला पाठ आहे, बाबा."

"मग कुंभाराकडे जा आणि त्याच्या खड्ड्यात माती तुडव."

"माती कशाला? मला पावा वाजवायचाय."

"आधी पाय टाकायला शीक, मग बोट उचलायला सांगतो."

गोजराला हे काही पटेना. माती तुडवणं हे तिला बिनडोक काम वाटायचं. फाल्गुन महिन्यावर आलेला, आणि हा म्हातारा चिखलात उतर म्हणतोय. ती कुंभाराकडे गेली नाही. तिने काय केलं, बाबा सकाळी एकटा वाजवत बसायचा तेव्हा कुडाच्या मागे उभी राहून ऐकायचं, आणि घरी येऊन बोटं मोडेपर्यंत घोकायचं. पंधरा दिवसांत टिचकी आली. आणखी आठ दिवसांत थाप. वळशाने जरा छळलं, पण तोही आला. बाई हुशार होती, यात खोटं काही नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी तिने वडाखाली वाजवून दाखवलं. टिचकीवर टिचकी, वळशात वळसा. माणसं सौदा सोडून उभी राहिली. शेजारच्या गावचा एक ढोलकीवाला म्हणाला, "बोटं आहेत का पाखरं?" गोजरा ते ऐकून तीन दिवस जमिनीवर नव्हती.

हैबतीबाबाच्या कानावर गेलंच. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "परवा तुझ्या भावाची जमीन आहे. माझ्याच्याने आता होत नाही, तूच वाजव. पण उघडी वाजव. जड पावलावर एक टिचकी दे, बाकी हात आवर."

"बरं," गोजरा म्हणाली. आणि तेव्हा ती मनापासूनच म्हणाली होती, बरं का.

तो दिवस उगवला. चाळीस माणसं मातीत उतरली. पुढच्या रांगेत मल्हारी आणि ताना. पोर एका म्हातारीच्या मांडीवर. शेजारच्या गावाहूनही बघे आले होते, त्यांत तो ढोलकीवालाही होता. गोजरा ओट्यावर चढली.

पहिल्या दोन फेऱ्या तिने सांगितल्याप्रमाणे वाजवल्या. माणसं सरळ रेषेत पुढे गेली, सरळ रेषेत मागे आली. बघ्यांतल्या कुणीतरी जांभई दिली. ती जांभई गोजराला दिसली. तिची बोटं शिवशिवायला लागली. तिने मनाशी म्हटलं, एकच वळसा, एकाने काय होतंय. आणि घातला. ढोलकीवाल्याने मान डोलावली.

मग काय विचारता. एकाचे दोन झाले, दोनाचे दहा. हलक्या पावलावर टिचकी, जड पावलावर वळसा, मध्येच थाप. मातीतल्या माणसांना आपली पावलं दिसत नव्हती, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांचा सगळा भरवसा कानावर. कुणाची टाच टिचकीवर पडली, कुणाची थापेवर. कुणी वळसा संपायची वाट बघत पाय वर धरून उभा. ताना अडखळून नवऱ्याच्या अंगावर पडली. गोजराला वाटलं, काय ही माणसं, साधा पाय टाकता येईना. त्यांना सावरावं म्हणून तिने चाल आणखी जलद केली. कडेला बसलेल्या हैबतीबाबाने हात वर केला. तिने डोळे मिटून घेतले.

दिवस मावळला तेव्हा बघ्यांनी तिचं तोंडभर कौतुक केलं. मातीतली माणसं मात्र सरळ पाय धुवायला गेली.

त्या गावात जमीन पारखायची एक रीत होती. सात दिवस वाळू द्यायची, मग काठोकाठ भरलेला तांब्या चारी कोपऱ्यांत आणि मधोमध ठेवायचा. पाणी सांडलं नाही तर जमीन झाली. सातव्या दिवशी गावची म्हातारी तांब्या घेऊन आली. पहिल्याच कोपऱ्यात पाणी सांडलं. दुसऱ्या कोपऱ्यात तांब्याच कलंडला. मधोमध तर ठेवायलाच जागा नव्हती, एवढी रुंद भेग गेली होती.

भेगाळलेल्या जमिनीतून पावसाळ्यात ओल वर येते, आणि तळ्याची माती वर्षातून एकदाच निघते. म्हणजे उखडून टाका आणि वर्षभर थांबा. म्हणजे आणखी एक पावसाळा त्या ओल्या गोठ्यात.

मल्हारी कुदळ घेऊन जमीन उखडायला लागला. गोजरा दारात उभी होती. शेवटी ताना तिच्याजवळ आली, कडेवर पोर, आणि शांतपणे म्हणाली, "वन्सं, तुम्ही वाजवलंत छान. पाय कुठे टाकायचा तेवढं आम्हाला कळलं नाही."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गोजराला त्या एका वाक्याने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाऊस सुरू झाला. गोठा गळायला लागला. पोर खोकायची, आणि प्रत्येक खोकल्याबरोबर गोजरा उठून बसायची. दिवसा ती दारापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा दारापर्यंत जायची. एका सकाळी तिने पावा उचलला आणि हैबतीबाबाच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"हा घ्या. माझं काम नाही हे."

बाबाने पाव्याला हात लावला नाही. "कुंभाराचा खड्डा अजून तिथेच आहे," तो म्हणाला.

गोजरा गेली. दुसरं करण्यासारखं तिला काही सुचतच नव्हतं. कुंभाराच्या माणसांबरोबर ती चिखलात उतरली. हैबतीबाबा खड्ड्याच्या काठावर पोतं टाकून बसला आणि जमेल तेवढ्या दमाने वाजवायला लागला. पहिल्या दिवशी ती तीनदा पडली. पाय रुतायचा, ओढून काढावा तोवर पुढचं पाऊल यायचं. तिचा स्वभाव घाईचा, पाऊल नेहमी आधीच पडायचं. कुंभारीण म्हणायची, "अगं, माती कुठे पळून चालली आहे का?"

आठवडे गेले. मग एक दिवस बाबाने मुद्दाम टिचकी गाळली. सारखे दोन सूर एकमेकांना चिकटून आले, आणि खड्ड्यातले सगळे पाय डगमगले. गोजराचा पाय वर उचललेला तसाच राहिला. खाली कधी टाकायचा, तेच कळेना. पुढच्या ओळीला बाबाने टिचकी दिली, एकच, आणि तिची टाच आपोआप खाली गेली. आजूबाजूच्या सगळ्यांचीही गेली. माती एकदम दबल्याचं तिला पायाच्या तळव्याला कळलं.

ती तिथेच थांबली. "बाबा," ती म्हणाली, "टिचकी टाचेला ऐकू येते."

"मग तुला काय वाटलं होतं, बघ्यांसाठी असते?"

"आणि वळसा?"

"तू सांग."

ती आणखी चार दिवस तुडवत राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, "वळसा आला की रांग वळते. एवढ्यासाठीच तो आहे. आणि थाप आली की थांबायचं."

बाबा खोकत खोकत हसला. पावा तिच्याकडे सरकवला.

फाल्गुन पुन्हा आला. तळ्याची माती पुन्हा त्या घरात पसरली. माणसं उतरली, पण या वेळी जरा बिचकतच. सगळ्यात शेवटी धोतर खोचून हैबतीबाबा उतरायला लागला. लोक म्हणाले, "बाबा, तुम्ही कशाला?" तो म्हणाला, "चाळीस वर्षं तुम्हाला नाचवलं. एकदा मलाही नाचू द्या की."

गोजराने श्वास भरला आणि उघडी चाल वाजवली. जड पावलावर एक टिचकी. रांग वळायची तिथे एक वळसा. दुसरं काही नाही. बघे गेल्या वर्षीच्या आशेने आले होते. ढोलकीवाला म्हणाला, "विसरली वाटतं बिचारी." ते तिला ऐकू गेलं. बोटं शिवशिवली. खरं सांगायचं तर ती दिवसभर शिवशिवत होती, स्वभाव काही एका वर्षात जात नाही. पण तिची नजर बघ्यांवर नव्हती, तानाच्या खांद्यावर होती. खांदा खाली गेला की टाच पडली. तो खाली जायच्या क्षणी ती बोट उचलत होती. दुपारपर्यंत बघे कंटाळून निघून गेले. माती चोपणारे कुणीच कंटाळले नाहीत.

दिवस मावळला. शेवटी एक थाप पडली, आणि चाळीस माणसं एका जागी थांबली. हैबतीबाबा बाहेर आला, पाय धुतले आणि म्हणाला, "पाय दुखले नाहीत माझे." याहून मोठी शाबासकी त्याने उभ्या जन्मात कुणाला दिली नव्हती, आणि हीही दिली म्हणायची तर म्हणा.

सातव्या दिवशी म्हातारी भरला तांब्या घेऊन आली. चारी कोपरे झाले. मधोमध ठेवला. पाणी काठाशी थरथरलं आणि थांबलं. एक थेंब खाली आला नाही.

मग तानाने कडेवरच्या लेकीला खाली ठेवलं. जवळजवळ दीड वर्षाची पोर, पण तिला कोरडी जमीन माहीतच नव्हती. ती आधी घाबरली. मग भिंत धरून उभी राहिली, भिंत सोडली आणि आत्याकडे निघाली. दोन पावलं हलकी टाकली, तिसरं धपकन, टाच रोवून.

गोजराने पावा खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. त्या क्षणी तिची बोटं अगदी स्थिर होती.

तर लहानांनो आणि मोठ्यांनो, बोध एवढाच: आपली कला ज्यांच्यासाठी आहे, त्यांचं पाऊल आधी ओळखावं, मग तिला कुठे नटवायचं आणि कुठे साधं ठेवायचं, ते आपोआप कळतं.