तगरीतलं घरटं

“...म्हणजे सगळंच सोडणार ती? लिहिणंसुद्धा?”

“तर काय. गोदूबाई आज दुपारी येतायत, त्या रिकामी पिशवी घेऊनच. आणि ऐक तर, परत जाताना त्या...”

पुढचं शालन पेडणेकरांना ऐकू आलंच नाही. मासळीवालीनं मध्येच बांगड्यांचा भाव पुकारला आणि बोलणाऱ्या दोघी पांगल्या.

अर्धी बातमी म्हणजे घशात अडकलेला काटा. गिळता येत नाही, काढता येत नाही. शालनवहिनी बांगडे न घेताच घरी आल्या.

‘ती’ म्हणजे त्यांच्या शेजारची मैथिली सामंत, पुस्तकं लिहिणारी. दोघींच्या परसांमध्ये कमरेएवढा दगडी गडगा, बस्स. गडग्यापलीकडचं सगळं शालनवहिनींना पाठ. मैथिली सकाळी कादंबरी लिहिते. मग पाटीएवढ्या टॅब्लेटवर चित्रं काढते. मग वाचते. मग दुर्बीण घेऊन परसात पक्षी बघत बसते. प्रत्येक कामाला टेबलावरच्या घड्याळाचा गजर. तो झाला की हातातलं टाकून उठायचं. चारच्या गजरावर तर शालनवहिनी चहाचं आधण ठेवायच्या, इतका तो नेमका.

पण हल्ली गजरामागून पलीकडून एक मोठा सुस्कारा यायचा. कादंबरी अर्ध्यावर अडलीय, हे मैथिलीनंच एकदा गडग्यावरून सांगितलं होतं.

दुपारी गोदूबाई आल्या. मैथिलीला शाळेत मराठी शिकवलेल्या. तिची पहिली गोष्ट त्यांनीच वाचलेली. आता ऐंशीच्या घरात, आणि बोलणं मिठासारखं, चिमटीनं. परसातल्या पायरीवर बसल्या. पिशवी शेजारी. खरोखरच रिकामी.

शालनवहिनी कढीलिंब तोडायला गडग्याशी गेल्या. घरात कढीलिंब होता.

मैथिलीनं एकेक आणून बाईंच्या पायाशी ठेवलं. टॅब्लेट. दुर्बीण. पुस्तकांची चवड. शेवटी कादंबरीचे कागद.

“यातलं एक काय ते माझ्याकडे ठेवा, बाई. बाकीचं घेऊन जा. माझ्याच्यानं ठरत नाही.”

“का?”

“एकाशी बसले की दुसरं गार पडतं. गजर लावून पाहिले. आता चारही ठिकाणी नुसत्या पाट्या टाकते.” ती कागदांकडे न बघता म्हणाली, “ही कादंबरी मेली असेल, बाई... उघडून बघायची भीती वाटते.”

शालनवहिनींच्या हातातली डहाळी हातातच राहिली.

बाई समोरच्या तगरीकडे बघत होत्या...

तगरीतून एक बुलबुल भुर्रकन उडाली.

“अंडी आहेत ना गो आत?”

“आहेत.”

“मग ही कुठे निघाली? हाक मार तिला.”

मैथिलीला हसू आलं. पक्ष्यांच्या बाबतीत तिला कुणी शिकवायचं काम नव्हतं. “येईल की, बाई. जरा हिंडेल, किडेबिडे टिपेल, पंख मोकळे करेल.”

“तोवर अंडी गार पडतील.”

“नाही हो. एवढ्यानं काही होत नाही त्यांना.”

“आईच ती. तिनं बसून राहायला नको?”

“सारखी बसून राहिली, खाल्लं-प्यायलं नाही, तर तिच्याच अंगात ऊब कुठली उरणार? मग ती अंड्यांना काय...”

मैथिली थांबली.

ती तगरीकडे बघू लागली. गडग्यापलीकडून शालनवहिनीही...

बुलबुल परत आली. तगरीत शिरली. पानं हलली, मग थांबली.

“आली,” बाई म्हणाल्या, आणि उठल्या.

त्यांनी दुर्बीण उचलली. ती पिशवीत गेली नाही, मैथिलीच्या गळ्यात गेली. टॅब्लेट तिच्या मांडीवर गेला. पुस्तकं होती तिथेच राहिली. कादंबरीचे कागद मात्र बाईंनी दोन्ही हातांनी घेतले, मैथिलीच्या तळव्यांवर ठेवले आणि वर आपला हात तसाच दाबून धरला. जरा वेळ.

मग पिशवी घेऊन त्या घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पिशवी एका बाजूनं फुगली होती.

मैथिलीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं एक कागद उलटला. मग दुसरा... मग एकदम हसली, डोळे पुसत, डोक्यावरचा भारा कुणी हात लावून उतरवावा तशी.

शालनवहिनी वळसा घालून फाटकाशी आधीच हजर. मासळीबाजारात ऐकलेलं त्यांनी एका दमात सांगून टाकलं आणि विचारलं, यातलं खरं किती?

बाईंनी पिशवी किंचित वर केली. म्हणजे काहीतरी घेऊन चालल्या होत्या, एवढं खरं होतं.

तेवढ्यात घरातून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. लिहायच्या टेबलाची खुर्ची; तो आवाज शालनवहिनी झोपेतही ओळखतील. त्यांचा जीव भांड्यात पडला.

आणि पिशवी घणघणली.

चारचा गजर.

“अगं बाई, घड्याळ?” शालनवहिनी पिशवीकडे बघत राहिल्या. “ते नेलंत तर मी चहा कशावर टाकू? आणि बंद तरी करा ते, बाई, सगळी आळी जागी होईल.”

गोदूबाई चालू लागल्या. पिशवी वाजतच होती.

“वाजू दे, शालन. पिल्लं काय गजर ऐकून अंडं फोडतात?”