दुसरा डोळा

“…पण तेव्हा ‘नाही’ का म्हणालात, आप्पा?”

पिशवी अजून खांद्यावरच होती. बसायच्या आधीच शाल्मलीने विचारून टाकलं.

आप्पा खळ कालवत होते. मारुतीच्या देवळामागच्या ओवरीत बाहुल्या करण्यात त्यांचा जन्म गेला होता. कागदाचा लगदा, चिंध्या, थोडंसं लाकूड. शिकायला येईल त्याला ते सगळं मोकळ्या हाताने द्यायचे. डोळे मात्र स्वतः काढायचे. खारीच्या केसांचा एक कुंचला होता. तो बांबूच्या नळीत, आणि नळी उशाखाली. ज्याच्या हाती आप्पा तो कुंचला देतील त्याचं शिकणं पुरं झालं, अशी तिथली रीत.

शाल्मलीने तो मागितला होता. तिच्याइतका सफाईचा हात त्या ओवरीत दुसरा नव्हता, आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं. आप्पांनी वैद्यासारखं तिचं मनगट धरलं, डोळे मिटले, जरा वेळाने म्हणाले, “लई थिर हाय अजून. न्हाई.”

हात स्थिर आहे म्हणून नाही! असला न्याय कुणी ऐकलाय? ती तणतणत गेली ती थेट पुण्याला. स्वतःचं काम सुरू केलं, नाव काढलं. मागे वळून बघायला मात्र फार वर्षं लावली.

“आदी पानी पी,” आप्पा म्हणाले. “ऊन लई हाय भाईर.”

ती प्यायली. पिता पिता तिचं लक्ष गेलं. आप्पांच्या बुबुळांवर साय धरली होती. ते तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या आवाजाकडे बघत होते.

तिने भांडं खाली ठेवलं. प्रश्न तिथेच राहिला.

“काय काय केलंस? दाव की.”

मग मात्र ती खुलली. पिशवीतून एकेक काढून त्यांच्या हातात देऊ लागली.

“हिचे केस केळीच्या सोपटाचे. लुगडं डाळिंबाच्या सालीत रंगवलंय. हा वासुदेव, याची मान हलते, हलवून बघा. आणि ही नुसत्या चहाच्या चोथ्याची. होते का बघूया म्हटलं. होते, आप्पा! फक्त पावसाळ्यात बुरशी धरते.”

“धरंलच की,” आप्पा खदखदून हसले. “च्याची बाहुली म्हनं!”

“हसू नका. लोकांना तीच सगळ्यात आवडली. फोटो टाकला की बदामांचा पाऊस पडतो.”

“बदाम?”

“म्हणजे… आवडलं असं कळवतात.”

“आसं. म्या म्हनलं खायाला पाटवत्यात.”

आता तीही हसली. सगळ्यात शेवटी तिने फडक्यात गुंडाळलेली एक बाहुली काढली. फुलांची पाटी पुढ्यात घेऊन बसलेली म्हातारी. ती तिने दोन्ही हातांनी आप्पांच्या ओंजळीत ठेवली.

“ही अजून कुणाला दाखवली नाही.”

आप्पा बोटांनी बघू लागले. पदराची कड. पाटीतली फुलं. सुरकुतलेला गळा. हनुवटीवर बोट थांबलं. तिथे तीन बारीक, उठावाचे ठिपके होते, गोंदणाचे.

“माज्या आयचं हाय ह्ये.”

“तुम्ही एकदा सांगितलं होतं.”

“…एकदाच सांगितलं आसंल.”

“हो.”

आप्पा बराच वेळ त्या हनुवटीवरून बोट फिरवत राहिले. मग बोट गालावरून वर सरकलं. भुवईखाली सगळं गुळगुळीत होतं, रंगाची रेघ बोटाला लागलीच नाही. त्यांनी वासुदेव पुन्हा चाचपला. मग केळीच्या केसांची. मग चहाची.

“डोळं कुटं हायत?”

“तो प्रयोग आहे, आप्पा. डोळे मुद्दामच नाही काढत मी. बघणाऱ्याने आपली नजर तिच्यात घालायची. प्रदर्शनात लोक म्हणाले, शाल्मलीची हीच ओळख.”

“आसं.”

…

“आन् खरं?”

देवळात कुणीतरी घंटा वाजवली. 

“भीती वाटते,” ती म्हणाली. “रंग घेते, कुंचला टेकवायला जाते आणि उचलते. तुम्ही नाही म्हणालात ना… सगळ्या बाहुल्या घरी फळीवर बसल्यात, माझ्याकडे तोंडं करून. आता मी त्यांना भिंतीकडे वळवून ठेवते. लोक वाहवा करतात आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही, आप्पा. एक तरी पुरी करता आली नाही, तर हे सगळं सोडणार आहे मी. तेच सांगायला आले.”

आप्पांनी मान हलवली. राग नाही, समजूत नाही.

“उशाखालची नळी आन.”

तिने आणली. त्यांनी काजळी खलात कालवली, बोटाने दाटपणा पाहिला आणि फुलवालीचं तोंड आपल्याकडे वळवलं. डोळे काढण्याचीही तिथे एक रीत होती. एक डोळा झाला की दुसरा होईपर्यंत तो अंगठ्याने अधांतरी झाकून धरायचा. अर्ध्या नजरेने बाहुलीने जग बघू नये, असं आप्पा म्हणायचे.

डाव्या हाताच्या नखाने त्यांनी भुवई शोधली. कुंचला टेकवला.

हात थरथरला. रेघ निघाली ती वर चढली, भुवईला जाऊन भिडली आणि कशीबशी परत आली.

“आप्पा!”

“काय गं?”

तिच्या सगळ्यात लाडक्या बाहुलीला एक वाकडा डोळा आला होता. रंग ओला होता. ओलं फडकं शेजारीच होतं. एकदा फिरवलं असतं तर काही उरलं नसतं.

“काही नाही,” ती म्हणाली.

आप्पांनी अंगठा धरला. तो डोळ्यावर गेलाच नाही, खाली गालापाशी राहिला. वरून तो वाकडा डोळा उघडा, टकमका बघत होता.

“झाकलाय न्हवं?”

शाल्मलीने त्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याच अंगठ्याने तिला पहिल्यांदा लगदा दाबायला शिकवलं होतं.

“हो, आप्पा. झाकलाय.”

“माजा हात सरला आता. दुसरा तू काड. अर्ध्या नजरंनं ठिवू नगं म्हातारीला.”

त्यांनी बाहुलीचं तोंड हळूच तिच्याकडे फिरवलं आणि कुंचला पुढे केला.

तिने घेतला. इतकी वर्षं ज्यासाठी जीव जळला तो हाच. हलका होता, अगदीच हलका.

सरळ, नेटका डोळा तिला झोपेतही काढता आला असता. तसा काढला असता तर जन्मभर कुणालाही दिसलं असतं, यातला कुठला कुणाचा. या डोळ्याला तर जोड हवी होती, आणि असला बाक तिच्या हाताने कधी काढला नव्हता. एक डोळा तिच्याकडे बघत थांबला होता.

तिने श्वास धरला. कुंचला टेकवला. रेघ वर नेली, भुवईला भिडवली आणि तशीच अडखळत परत आणली.

आणि म्हातारी हसली. खरंच हसली. उन्हातून ओळखीचं माणूस येताना दिसावं आणि भुवया आपोआप वर जाव्यात, तशी.

शाल्मलीला रडू फुटलं. आवरायचा प्रयत्नही तिने केला नाही.

“झाला?”

“झाला.”

“सरळ आलाय?”

“…जोडीला जोड आलाय, आप्पा.”

 आप्पांनी अंगठा काढला.

“कुनाकडं बगती?”

“माझ्याकडे.”

आप्पांनी हात लांब केला. हवेत चाचपत तिचा हात शोधला आणि वैद्यासारखं मनगट धरलं. डोळे मिटले. तिचा हात अजून थरथरत होता. तिने तो सोडवून घेतला नाही.

बराच वेळ गेला. बाहेर ऊन कलतं झालं होतं.

“कुंचला नीट धू,” आप्पा म्हणाले, “आन् तुज्या पिशवीत ठिव.”