नोंद नसलेली गळती

तेव्हा पावसाळा होता की थंडी, हे वामनराव टिळेकरांना आता खात्रीने सांगता येत नाही. वरच्या बाथरूमचं पाणी त्यांच्या झोपायच्या खोलीत गळत होतं आणि दम्याने खंगलेल्या कुमुदताईंची खाट तीनदा हलवून झाली होती, एवढं मात्र आठवतं.

वरचं घर सोसायटीचे अध्यक्ष बेलसरे यांचं. तक्रार फक्त अ‍ॅपवर घ्यायची, हा नियमही त्यांचाच. वामनरावांनी अकरा वेळा तक्रार भरली आणि दर वेळी 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच उत्तर आलं. आपलंच काही चुकत असणार, असं त्या निवृत्त प्राध्यापकाला वाटत राहिलं. शेवटी कुमुदताईंनीच अध्यक्षांना चहाला बोलावलं आणि त्यांची खुर्ची कुठे ठेवायची, तेही नवऱ्याला सांगितलं.

"सर, माझा नाइलाज आहे," बेलसरे बसता बसता म्हणाले. "अ‍ॅपवर नोंद नाही, म्हणजे समितीच्या दृष्टीने गळतीच नाही."

एक थेंब टपकन त्यांच्या टकलावर पडला. दुसरा चहात पडला. बेलसरे घाईघाईने खुर्ची मागे सरकवू लागले.

"बसा हो भाऊ, तिथंच बसा," खाटेवरून कुमुदताई धापा टाकत म्हणाल्या. "अ‍ॅपवर नोंद नाही ना? मग तुम्ही भिजलाच नाहीत."

तिसऱ्या दिवशी वर प्लंबर आला.

हे सगळं आपण मनानेच रचलं की काय, अशी शंका वामनरावांना पुढे छळत राहिली. कुमुदताई गेल्यावर चार वर्षांनी त्यांनी सोसायटीचं जुनं इतिवृत्त मागवून पाहिलं. त्यात एक ठराव होता: 'यापुढे तोंडी तक्रारही स्वीकारावी. सूचक: अध्यक्ष बेलसरे.'