मिशाजोबांचा पंजा

त्या नदीकाठच्या पाणमांजरांत दोन गोष्टी खऱ्या मानल्या जात, आणि दोन्हींचा पुरावा एकाच जातीचा होता: पायाचा ठसा.

पहिला ठसा काळ्या कातळावर होता. फार पूर्वी नदी आटून तिचं नुसतं डबकं उरलं होतं, तेव्हा समुद्राकडून एक पाणमांजर आलं. त्याने कातळ उघडून खालचं पाणी वर आणलं आणि त्या पाण्यातच ते गेलं. काही म्हणत, गेलं नाही, खाली डोहातच आहे. त्याला सगळे ‘आलेला’ म्हणत. याहून जास्त काही म्हणायचं धाडस कोणी करत नसे. कातळावर त्याचा उजवा पंजा उमटला होता. पंज्याच्या मधोमध एक आरपार भोक होतं, आणि त्यातून बारा महिने पाणी पाझरत असे.

दुसरा ठसा चिखलातला, आणि तो वर्षातून एकदाच दिसे. आलेल्याच्या सणाच्या सकाळी प्रत्येक बिळाच्या तोंडाशी मोठाल्या पंज्यांची रांग उमटलेली असे आणि शेवटच्या पंज्यापाशी एक लठ्ठ खेकडा ठेवलेला असे. तो मिशाजोबा आणत. मिशाजोबा कोण, कुठले, आलेल्याशी त्यांचं नातं काय, हे कोणी विचारत नसे. त्यांच्या मिशा पांढऱ्या होत्या आणि शहाण्या पिल्लांना ते खेकडे देत, एवढं पुरे होतं. मोठ्यांना खेकडे कुठून येतात ते ठाऊक होतं, कारण आदल्या दिवशी चिमटे त्यांच्याच नाकांना बसत.

लव्हाळी ही त्या काठावरची एक तरुण आई. ती बगळ्यांच्या शाळेत शिकली होती. तिथे एका पायावर उभं राहून विचार करायला शिकवत; दुसरा पाय कधी टेकवायचा, हे शिकवायचं राहून गेलं होतं. त्यामुळे तिचा उजवा पंजा सदान्‌कदा हवेत असे. त्या पंज्याची करंगळी लहानपणी एका कासवाने तोडून नेली होती, तेव्हा तो हवेत असला काय नि जमिनीवर असला काय, असं तिचा नवरा भोवरा म्हणे. तो मनाने चांगला होता.

त्यांना एकच मुलगी, भिंगरी. आणि यंदा भिंगरीचं उडीचं वर्ष होतं.

सणाच्या दुपारी त्या वयाची पिल्लं कातळावरच्या ठशात पंजा ठेवत आणि तिथून डोहात उडी घेत. डोह खोल होता आणि वरून पाहिलं तर काळा दिसे. खाली आलेला आहे, तो सांभाळतो, एवढ्याच भरवशावर ती उडी मारायची असे. कोणी ढकलत नसे; ढकललेली उडी धरली जात नसे. ज्यांनी उडी मारली नाही ती पिल्लं उथळ पाण्यात राहत. उन्हाळ्यात उथळ पाणी आटे, आणि मग त्या पिल्लांचं काय होई याबद्दल काठावर कोणी बोलत नसे.

भिंगरीला डोहाची भीती वाटत होती. पण सणाच्या आठवडाभर आधी तिने स्वतःची समजूत स्वतःच घातली. मिशाजोबा दिसत नाहीत तरी दर वर्षी येतात. तसंच आलेलाही दिसत नाही, तरी खाली असणार. हे ऐकून लव्हाळीच्या तोंडातला मासा सुटून पळाला.

तिने सल्ला घ्यायचं ठरवलं. शेजारच्या शिंपलीकाकूंनी आपल्या चारही पिल्लांना पहिल्या दिवसापासून सांगून टाकलं होतं की मिशाजोबा वगैरे काही नाही. ती पिल्लं कायम खरं बोलत, त्यामुळे त्यांच्याशी फारसं कोणी खेळत नसे. शिंपलीकाकू म्हणाल्या, एक खोटं उघडं पडलं की पिल्लू दुसऱ्या गोष्टीकडेही त्याच नजरेने बघतं, आणि मग कातळावर उभं राहून तुझ्याकडे बघेल तेव्हा तू काय सांगशील? लव्हाळीला हे पटलं.

मग तिने सासूबाईंना विचारलं. सासूबाई म्हणाल्या, अगं, द्यायला कोणीतरी गुपचूप येतं, एवढं पिल्लाला आधी कळू दे; नाव मागाहून कळेल. आम्ही नाही का मोठ्या झालो? लव्हाळीला हेही पटलं. भोवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, खेकडा किती मोठा पकडू ते सांग.

तेव्हा तिने भिंगरीला खरं सांगायचं ठरवलं. तीन दिवस ती काठाकाठाने ते भाषण पाठ करत हिंडली. सणाच्या आदल्या संध्याकाळी तिने घसा साफ केला, तोच भिंगरीने विचारलं, “आई, मिशाजोबा आणि आलेला एकमेकांना ओळखतात का?”

“ओळखत असावेत,” लव्हाळी म्हणाली, आणि भाषण तिथेच संपलं.

दर वर्षी ठसे सासूबाई काढत. त्यासाठी त्यांनी भोपळ्याच्या सालीचा एक मोठा पंजा करून ठेवला होता. यंदा तो भोवऱ्याने उन्हात वाळत घातला आणि नदीने नेला. सणाच्या सकाळी भिंगरी साखरझोपेत असताना हे उघडकीला आलं. सासूबाईंचे गुडघे धरले होते, भोवरा घोरत होता, आणि उजाडत चाललं होतं. लव्हाळीने चिखल थापून सपाट केला आणि स्वतःच्याच पंज्याने ठसे उमटवले. एकेक ठसा दोनदा दाबला, म्हणजे मोठा दिसेल. तो तसा दिसलाही. चांगलं साधलं असं तिला वाटलं, आणि तसं वाटण्याची तिला सवय नसल्याने तिने पुन्हा तपासून पाहिलं नाही.

भिंगरी उठून बाहेर आली. खेकडा पाहिला, पण उचलला नाही. ती पहिल्या ठशापाशी बसली, मग दुसऱ्या, अशी सहाही ठशांपाशी बसून आली. प्रत्येकाला चारच बोटं होती. मग आत येऊन तिने आईच्या उजव्या पंज्याकडे पाहिलं. लव्हाळीने तो पोटाखाली घेतला.

“आई, मिशाजोबांना पण कासव चावलं?”

अशा प्रश्नाला बगळ्यांच्या शाळेत सात उत्तरं शिकवत. त्यांतली चार खोटी नव्हती आणि एकही खरं नव्हतं. ‘हो’ म्हणणं सर्वांत सोपं होतं. झोपेचं सोंग घेतलेल्या सासूबाई एका डोळ्याने तीच खूण करत होत्या.

“नाही,” लव्हाळी म्हणाली. “मला चावलं.”

“म्हणजे हे तुझे?”

“माझे.”

“आणि मागच्या वर्षीचे?”

“आजीचे.”

सासूबाईंनी कूस बदलली.

भिंगरी रडली नाही. तिने बिळाच्या तोंडातून कातळाकडे पाहिलं. मग म्हणाली, “कातळावरचा पण आजीचा?”

“एवढी म्हातारी नाही गं मी,” सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

“मग कोणाचा?”

“आलेल्याचा,” लव्हाळी म्हणाली, आणि आपला आवाज तिला ऐकू आला. मागच्या वर्षी चिखलाकडे बोट करून ‘मिशाजोबांचे’ म्हणाली होती, तोच आवाज होता. त्यात काडीचाही फरक नव्हता.

“बघू,” भिंगरी म्हणाली. तिने खेकडा तोंडात धरला आणि ती कातळाकडे चालू लागली.

दुपारी सगळा काठ जमला. सहा पिल्लांनी ठशात पंजे ठेवले आणि उड्या मारल्या. सातवी भिंगरी. तिने पंजा ठेवला नाही. खेकडा शिंपलीकाकूंच्या धाकट्याकडे सांभाळायला दिला, आणि मागे वळून म्हणाली, “आई, आधी तू ठेव.”

कातळाची व्यवस्था पाहणारे एक बुजुर्ग म्हणाले, असा रिवाज नाही. रिवाजात मनाई कुठे आहे, असं भिंगरीने विचारलं, तेव्हा ते त्यांना आठवेना. मोठ्यांनी त्या ठशात पंजा ठेवल्याचं कोणाच्याच पाहण्यात नव्हतं. लहानपणी प्रत्येकाने एकदा ठेवला होता, पण लहानपणी आपला पंजा कोणत्याही ठशात मावतो.

लव्हाळीने पंजा ठेवला. करंगळीची जागा रिकामी राहिली, आणि बाकीच्या बोटांच्या जागाही रिकाम्याच राहिल्या. भिंगरीने भोवऱ्याला बोलावलं. काठावर सर्वांत मोठा पंजा त्याचा होता. ठशात तो एखाद्या पिल्लाचा दिसला. सासूबाईंनी ठेवला आणि उचलला. भोपळ्याचाही पुरला नसता, असं त्या पुटपुटल्या. शेवटी बुजुर्गांनीही ठेवून पाहिला.

मग भिंगरीने चौघांना तळवे वर करायला लावले आणि एकेक पाहिला. बुजुर्गांच्या तळव्याला घट्टे होते, भोवऱ्याच्या तळव्यात जुना काटा होता. आरपार भोक कोणाच्याच नव्हतं.

ती ठशाकडे परत आली. मधल्या भोकाला तिने नाक लावलं आणि ती तशीच राहिली, इतका वेळ की मागच्या पिल्लांनी चुळबुळ सुरू केली. लव्हाळीला काहीतरी सांगावंसं वाटलं. पण या खेपेला ती गप्प राहिली. भिंगरीने आपला छोटा पंजा बरोबर त्या भोकावर ठेवला आणि उडी मारली.

पाणी मिटलं. लव्हाळी डोहाकडे पाहत, उजवा पंजा हवेत धरून उभी राहिली. वर्तुळं काठापर्यंत आली आणि विरली. मग डोहाच्या पार मध्यावर, जिथे सहांतलं एकही पिल्लू पोहोचलं नव्हतं, भिंगरीचं डोकं वर आलं. तिच्या मिशांवरून पाणी गळत होतं.

लव्हाळीने पंजा टेकवला. तो ठशातच पडला. मधल्या भोकातलं पाणी तळव्याला खालून हलकेच ढकलत होतं. आता मागच्या पिल्लांना जागा करून द्यावी म्हणून तिने वळून पाहिलं.

मागे पिल्लं नव्हती, ती बाजूला सरली होती. शिंपलीकाकूंचा धाकटा बाजूला बसून खेकड्याची शेवटची नांगी फोडत होता. त्याला कोणीही रागावत नव्हतं, कारण शिंपलीकाकू आपला उजवा पंजा पोटाच्या केसांना स्वच्छ पुसत रांगेत उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे सगळा काठ.