रिकामे कंस

एकदा एका शिष्याने आपल्या वृद्ध गुरुजींवर उपकार करायचे ठरवले. गुरुजींनी उभी हयात खाडीकाठच्या कोळी बायाबाप्यांकडून वाऱ्यांची आणि भरती-ओहोटीची नावे ऐकून संगणकावर साध्या मजकुरात टिपली होती. सांगणाऱ्याचे नाव ते टोकदार कंसात घालत. "तुमचं नाव राहील," असा शब्द त्यांनी प्रत्येकाला दिला होता. ती माणसे आता हयात नव्हती.

ती टिपणे सर्वांना वाचता यावीत म्हणून शिष्याने दोन छोटे प्रोग्राम लिहिले. एक मजकुराची वेबपाने करी, दुसरा वेबपानांचा पुन्हा मजकूर. वेबपानात टोकदार कंसांत यंत्रासाठीच्या खुणा असतात, म्हणून दुसरा प्रोग्राम कंसांसकट आतले सारे गाळून टाकी. पठ्ठ्याने पाने केली, मजकूर नीटनेटका व्हावा म्हणून त्यांतून तो परत काढला, तोच जुन्या फायलींवर साठवला आणि पाने नव्याने केली. कशी लख्ख दिसत होती! दुसरी प्रत कुठेच नव्हती.

गुरुजी मोठ्याने वाचू लागले. "मतलई वारा जमिनीकडून सुटला की होडी लोटावी, असे सांगे."

ते थांबले. "कोण सांगे?"

शिष्याने घाईघाईने पाने चाळली. मग जुन्या फायली उघडल्या. एकही नाव उरले नव्हते.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी कीबोर्ड ओढला आणि त्या वाक्यात एक कंस उघडून तसाच रिकामा मिटला. मग पुढच्या नोंदीत. मग त्याच्या पुढच्या.

"गुरुजी, आठवतील तेवढी नावं तरी लिहा ना," शिष्य रडवेला झाला.

"ती म्हातारी दिसते रे. जाळं शिवत बसलेली. नाव नाही आठवत. म्हणून तर लिहून ठेवलं होतं."

"मग या रिकाम्या कंसांनी काय होणार?"

"काही होणार नाही. गेलं ते गेलं. पण तुझं पान इतकं गुळगुळीत झालंय, की इथं कुणी माणूस होतं हेच कुणाला कळायचं नाही. माझा शब्द तर बुडाला. निदान त्यांची जागा राहू दे."

गुरुजी थकले, तेव्हा शिष्य कीबोर्डापाशी बसला. गुरुजी "इथं" म्हणत, तो कंस घाली. एक नोंद गुरुजी पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

"इथं होतं का, गुरुजी?"

"आता तेही आठवत नाही."

शिष्याने तिथेही कंस उघडला. तो मिटायला मात्र त्याचा हात धजेना.