पान पडल्यानंतरचा न्याय

एका जंगलात एक डोह होता आणि त्या डोहावर दोन कळप जगत असत. एक सांबरांचा, दुसरा रानडुकरांचा. पाऊसपाणी ठीक असे तोवर कुणाचे कुणाशी वाकडे नव्हते. पण उन्हाळा तापला की डोह आक्रसत जाई आणि उरलेले पाणी एकाच कळपाला जेमतेम पुरे. दुसऱ्या कळपाला उजाड माळ ओलांडून दूरच्या नदीकडे जावे लागे. त्या माळावर ना झाड, ना सावली. म्हातारे आणि पिल्ले तिथून क्वचितच परत येत.

फार पूर्वी या पाण्यासाठी शिंगे आणि सुळे चालत. पुढे दोन्हीकडच्या शहाण्यांनी ठरवले की रक्त सांडण्यापेक्षा खेळून निकाल लावावा. डोहाजवळच्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात एका टोकाला काळा खडक होता, ते डुकरांचे टोक, आणि दुसऱ्या टोकाला अर्जुनाचे झाड, ते सांबरांचे. एका कळपाने तोंडात कवठ धरून समोरच्यांच्या टोकापर्यंत पळायचे, दुसऱ्याने अडवायचे. अडवले की कवठ दुसऱ्याकडे जाई. सकाळी सुरू झालेला खेळ सूर्य खडकाला टेकेपर्यंत चाले. ज्यांनी जास्त वेळा कवठ पार नेले, त्यांचा डोह.

आता मुलांनो, तुम्ही विचाराल, बरोबरी झाली तर? ती बहुतेक वेळा व्हायचीच, कारण सांबरांच्या पायांत वेग होता आणि डुकरांच्या छातीत जोर. त्यासाठी एक जुना नियम होता. कावळा उंचावरून पळसाचे पान सोडी. पान गुळगुळीत बाजू वर करून पडले तर कवठ सांबरांना आणि शिरांची बाजू वर आली तर डुकरांना. मग ज्याने आधी पार नेले तो जिंकला. खेळ तिथेच संपला.

ऐकायला हे सरळ वाटते. पण दिवसभर उन्हात धावून गळून गेलेल्या जनावरांना पळणे एक वेळ जमते, पळणाऱ्याला अडवणे जमत नाही. त्यामुळे कवठ ज्याच्या तोंडात आधी गेले त्याचाच जवळजवळ नेहमी जय होई. दुसऱ्या कळपाला एकदाही कवठ उचलायला न मिळता माळाची वाट धरावी लागे. दूर अमेरिकेत लांबट चेंडू घेऊन पळायचा असाच एक खेळ आहे. तिथेही बरोबरी झाली की नाणे उडवतात आणि पहिला चेंडू कुणाला, दुसऱ्याला संधी द्यायची की नाही, यावर मोठमोठी माणसे वर्षानुवर्षे वाद घालत आली आहेत. फरक एवढाच की तिथे हरलेला घरी जाऊन पाणी पिऊ शकतो.

एका उन्हाळ्यात बरोबरी झाली, पान गुळगुळीत बाजूने पडले आणि सांबरे एका धावेत पार गेली. डुकरांना माळावर जावे लागले. पाऊस होऊन गेल्यावर ती परतली तेव्हा त्यांच्यात पिल्लू म्हणून दिसत नव्हते.

हिवाळ्यात, डोह काठोकाठ भरलेला असताना, डुकरांची म्होरकी असलेली म्हातारी डुकरीण कासवाकडे गेली. ते म्हातारे कासव डोहातच राही आणि खेळाचा पंच तेच असे. नियमाच्या बाहेर त्याने कधी पाऊल टाकले नव्हते. सांबरांचा म्होरक्या आणि त्याचा सल्लागार कोल्हा हेही तिथे आले.

डुकरीण म्हणाली, "कासवआजोबा, बरोबरीचा नियम बदला. निदान दोघांना एकेकदा तरी कवठ उचलू द्या."

कोल्हा हसला. "पान कुणाच्या नात्याचं आहे का, मावशी? ते कुणाचीच बाजू घेत नाही. याहून सरळ न्याय कुठला?"

"पान खोटं नाही रे. पान पडल्यावर जे होतं ते खोटं आहे. दिवसभर आम्ही बरोबरीनं झुंजायचं आणि शेवटी कवठाला नाकही न लावता निघायचं?"

"मग दुसऱ्यांदा उचलणाऱ्याला पहिल्यानं काय केलं ते आधीच कळेल. त्याचा फायदा नाही का होणार?" कोल्हा लबाड होता, पण मूर्ख नव्हता. हा मुद्दा त्याने बरोबर काढला होता.

डुकरीण म्हणाली, "तर आणखी एक रीत सांगते. माझ्या दोन पिलांना एक कंद मिळाला की मी एकाला तो तोडायला लावायची आणि दुसऱ्याला आधी उचलायला. तोडणारा आपोआप सारखे तुकडे करायचा. तसंच इथं करा. एका कळपानं जागा सांगायची, कवठ इथून उचलायचं. मग दुसऱ्यानं ठरवायचं, आपण उचलायचं की अडवायचं. कवठ पार गेलं तर उचलणारा जिंकला, अडलं तर अडवणारा. सोपी जागा सांगितली तर दुसरा उचलेल, अवघड सांगितली तर अडवेल. म्हणजे सांगणाऱ्याला धड मधलीच जागा सांगावी लागेल. जागा कुणी सांगायची त्याला हवं तर पान टाका."

"आणि ती पिल्लं भांडायची नाहीत?" कासवाने विचारले.

"नाही भांडायची. आता दोघंही नाहीत. पण रीत चांगली होती."

सांबरांच्या म्होरक्याला तिचे म्हणणे कळले होते. खरे सांगायचे तर पटलेही होते. पण त्याच्या पाठीशी जिंकलेला कळप उभा होता आणि पोट पाण्याने गच्च भरलेले होते. तो मान उंचावून म्हणाला, "आम्ही नियमानं जिंकलो. तुम्ही जिंकला असता तर ही रीत सुचली असती का? हा रडीचा डाव आहे, म्हातारे."

कासव म्हणाले, "दोघांनी हो म्हटलं तरच मी नियम बदलीन. एकानं नाही म्हटलं की जुनाच चालेल." एवढे बोलून ते पाण्यात शिरले. मला त्या कासवाचा राग येतो. चुकीचे काय ते दिसत असूनही हात झटकून मोकळे होणारे असे पंच फार असतात.

पुढचा उन्हाळा आणखी कडक आला. डोहाच्या कडेचा चिखल तडकला. मधमाश्यासुद्धा पाण्यावर येऊन भांडू लागल्या. सांबरांच्या म्होरक्याला त्याच सुमारास पाडस झाले होते. ते अजून धड उभे राहत नव्हते, आईच्या पोटाखाली शिरून चारही पायांवर डगमगत असे. खेळाच्या दिवशी आई त्याला घेऊन अर्जुनाच्या सावलीत बसली.

खेळ झाला. कुणाचे ढोपर फुटले, कुणाचा जबडा रक्ताळला, पण शेवटी पुन्हा बरोबरीच. सूर्य काळ्या खडकाला टेकला. कावळ्याने पान सोडले. वारा नव्हता, ते संथपणे गिरक्या घेत खाली आले आणि वाळूवर पडले. शिरांची बाजू वर होती.

म्होरक्याने पाडसाकडे पाहिले. मग कळपाकडे. माना खाली घालून धापा टाकणारी ती सांबरे आता कुणालाच अडवू शकणार नाहीत, हे त्याला स्वच्छ दिसले. तो पुढे धावला. "थांबा! कासवआजोबा, थांबा. म्हातारीची रीत मला मान्य आहे. जागा ती सांगू दे, मी निवडतो. नाहीतर मी सांगतो, ती निवडू दे. काहीही चालेल."

"पान पडलं," कासव म्हणाले. "पण दोघांनी हो म्हटलं तर अजूनही बदलीन."

सगळे डुकरिणीकडे पाहू लागले. ती पाडसाकडे पाहत होती. तिच्या मागे तिचा कळप उभा होता आणि त्यात या वर्षी पुन्हा पिल्ले होती, अंगावर पट्टे असलेली, एकमेकांना ढुशा देणारी.

"ताई, हे बरोबर नाही, तुला माहीत आहे," म्होरक्या म्हणाला. त्याने तिला ताई म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

"माहीत आहे. तुझ्याआधीपासून माहीत आहे," डुकरीण म्हणाली. "हिवाळ्यात मी मागितलं ना, ते माझ्या पिल्लांसाठी नव्हतं रे. माझी तर गेली होती. ते पुढच्या कुणासाठी तरी होतं, तुझ्या याच पाडसासाठी होतं. तेव्हा तू हो म्हणाला असतास तर तुझं काही जात नव्हतं. आज मी हो म्हटलं आणि हरले, तर या मागच्यांना काय सांगू?"

तिने मान फिरवली. एका दांडग्या डुकराने कवठ उचलले आणि धाव घेतली. दोन सांबरे आडवी आली, ती कोलमडली. म्होरक्या स्वतः आडवा आला, तोही वाळूत पडला. कवठ अर्जुनाच्या झाडाला जाऊन लागले. जिथे ते लागले तिथून हातभर अंतरावर पाडस बसले होते.

त्याच संध्याकाळी सांबरे माळावर निघाली. पाडस काही अंतर चालले, मग आईने त्याला चाटून चाटून पुढे ढकलले. टेकाडापलीकडे गेल्यावर ती दिसेनाशी झाली. कोल्हा मात्र गेला नाही. तो डोहाकाठी डुकरांच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "पान कुणाचीच बाजू घेत नाही, हे मी आधीच सांगितलं होतं." कुणी हसले नाही. डुकरीण त्या दिवशी सर्वांत शेवटी पाणी प्यायली.

पाऊस संपल्यावर माळावरून म्होरक्या परतला. त्याच्यामागे एक लंगडणारी मादी आणि मोजकीच सांबरे होती. पाडस नव्हते. पाडसाची आईही नव्हती.

हिवाळ्यात पुन्हा डुकरीणच कासवाकडे गेली आणि तिने तीच रीत पुन्हा मांडली. म्होरक्या तिचे बोलणे पूर्ण होऊ न देता हो म्हणाला. तिनेही हो म्हटले. कासवाने नियम बदलला आणि कावळ्याने ओरडून साऱ्या जंगलाला सांगितला. इतका न्यायाचा नियम त्या जंगलात कधी झाला नव्हता. सगळ्यांनी तो एकमताने उचलून धरला, कोल्ह्यानेसुद्धा.

उन्हाळा आला. दोन्ही कळप कोरड्या पात्रात जमले. मधोमध कवठ ठेवले होते. कासवाने सांबरांकडे पाहिले, मग आक्रसलेल्या डोहाकडे पाहिले आणि खेळ सुरू करायची खूण काही केलीच नाही.

"सुरू करा ना," कावळा वरून म्हणाला.

"कशाला?" कासव म्हणाले. "सांबरं उरलीत किती? आता पाणी दोघांना पुरेल."

खरोखरच पुरत होते. एका काठावर डुकरे पाणी प्यायली, दुसऱ्या काठावर ती थोडी सांबरे. म्होरक्या आणि डुकरीण समोरासमोर होती, पण दोघांनीही मान वर केली नाही. कवठ वाळूत तसेच पडून राहिले आणि पुढे त्याला मुंग्या लागल्या.

तात्पर्य : नियम कुणाला तारील आणि कुणाला मारील हे ठाऊक नसते, तेव्हाच तो न्यायाचा करून घ्यावा. पान जमिनीवर पडले की जिंकणाऱ्याला न्याय परवडत नाही आणि हरणाऱ्याच्या मागण्याला किंमत उरत नाही.