तळ्याच्या मापाचा खोपा

माणसांनी गावं वसवायच्या आधीची गोष्ट. माळावर एकच तळं होतं, आणि प्रत्येक प्राण्याने त्यातून आपापल्या दाराशी पाट काढून नेला होता. काठावरची टिटवी रोज सकाळी तळ्याला फेरी घालून पावलं मोजायची आणि जीव तोडून सांगायची, "काल नऊशे होती, आज आठशे ऐंशी!"

"हिचं रोजचंच आहे," म्हणत सगळे कूस बदलत. ओरडून ओरडून बिचारीचा घसा बसला.

तेव्हा बाभळीवरची सुगरण म्हणाली, "बाई, तुझे आकडे मला सांग. दहा पावलांना एक काडी, या मापाने मी रोज एक वेढा विणते."

खोपा फांदीवरून खाली उतरू लागला. वर डेऱ्यासारखा रुंद, खाली निमुळता. बघायला ही गर्दी! रानडुक्कर तर हरखूनच गेलं. "सुगरणताई, काय घाट साधलाय! आता टोक कधी काढणार?"

"घाट माझा नाही, दादा. टिटवी सांगते तेवढंच मी विणते. टोक आलं की तळं संपलं."

रानडुकराने शेवटच्या वेढ्यात मुसकट घालून पाहिलं. ते आत जाईना. मग ते तळ्यावर गेलं आणि आपल्या पाटाच्या तोंडाशी माती लोटू लागलं. त्याच्यामागून ससा गेला, मग साळिंदर.

दुसऱ्या सकाळी टिटवी फेरी घालून आली. पुन्हा एक फेरी घालून आली. मग बसलेल्या घशाने हळूच म्हणाली, "कालच्याइतकीच."

सुगरणीने कालच्याइतक्याच काड्या उचलल्या.